दोन्ही गाड्या हजार सीसीच्या

मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दोनच पेडल असतात, क्लच आणि ब्रेक. रेस नसते. कारण सरळ आहे. शिकवणाऱ्याचं काम गाडी आवरायचं, पळवायचं नाही. कर्वेनगरात मी बायकांसाठी स्कूल सुरू केलं तेव्हापासून मला यात काही कमी वाटलं नव्हतं. माझी जुनी गाडी या दोन पेडलांवर कुठेही जायची. शिकणारी घाबरून हातपाय आखडून बसली, तरी मी माझ्या बाजूचा क्लच सावकाश वर घेत असे आणि गाडी कण्हत का होईना, रेसशिवाय चढ चढून जाई.

त्यामुळे आमच्या धंद्यात एक पद्धत पडून गेली होती. माझीच नव्हे, मला माहीत असलेल्या सगळ्यांची. चढावर शिकणारीला सांगायचं, ‘रेसला पाय लावू नका. नुसता क्लच सोडा, गाडी आपोआप उचलेल.’ नवशिक्या माणसाने रेस दिली की तो हमखास पुढच्याच्या डिकीत शिरतो. त्यापेक्षा क्लचप्लेट लवकर झिजलेली बरी. लायसन्सच्या टेस्टलाही पूर्वी आम्ही शेजारी बसत असू. आमचा पाय कुठे आहे ते कोणी वाकून बघत नसे.

मग दोन गोष्टी पाठोपाठ बदलल्या. टेस्टच्या ट्रॅकवर कॅमेरे आले आणि आम्हाला गाडीतून उतरवून कठड्याबाहेर उभं केलं गेलं. आणि माझ्या जुन्या गाडीची पंधरा वर्षं भरली, ती भंगारात गेली.

नवी गाडी घेताना मी शोरूममध्ये माहितीपत्रक मागवून बोअर आणि स्ट्रोक, म्हणजे सिलिंडरची रुंदी आणि पिस्टनची चाल, बघितली. मी डिप्लोमा मेकॅनिकल आहे. विकणारा मुलगा रंगांचं कार्ड हातात घेऊन तयार होता, ते त्याने परत ठेवलं. जुनी गाडी हजार सीसीची होती, नवीही हजार सीसीचीच. पण जुन्या इंजिनाचा स्ट्रोक लांब आणि सिलिंडर अरुंद होता. नव्याचा स्ट्रोक आखूड, सिलिंडर रुंद.

‘मॅडम, हिची पॉवर जास्त आहे,’ मुलगा म्हणाला.

होतीच. किती आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना, ते त्याने सांगितलं नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ते मी वाचलं. मला झेपेल अशी तीच एक गाडी होती, म्हणून घेतली.

ही अदलाबदल झाली तेव्हा माझ्याकडे एक बाई शिकत होत्या. पन्नाशीच्या, मूळच्या अमरावतीकडच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्यात येऊन जन्म गेला, तरी बोलणं तिकडचंच राहिलेलं. नवरा एका कारखान्याच्या खरेदी विभागातून नुकताच निवृत्त झालेला. पहिल्या लेसनला दोघंही आले. बाई स्टिअरिंगमागे बसल्या आणि गृहस्थांनी मागचं दार उघडलं.

‘आपण कुठे?’ मी विचारलं.

‘मी नुसता बसतो.’

‘फी एकीचीच घेतली आहे.’

‘मी शिकत नाही हो. मला येते गाडी.’

‘मग तर नकोच.’

ते हसले आणि बसले. पुण्यात इतकं बोलल्यावर माणूस सहसा उतरतो. हे उतरले नाहीत. पुढे प्रत्येक लेसनला ते मागे असत. आरशात मला रस्त्याऐवजी त्यांचा चेहरा दिसे.

बाईंचा हात चांगला होता. घाई नव्हती, आणि सांगितलेलं एकदा सांगून कळायचं. एका सकाळी गृहस्थ औषधाच्या दुकानात उतरले तेव्हा मी विचारलं, ‘घरी गाडी आहे, चालवणारा आहे, मग या वयात हौस की गरज?’

बाईंनी मागे वळून खात्री केली. मग एका दमात सांगितलं. वाघोलीच्या एका कॉलेजात मुलींच्या वसतिगृहावर दिवसपाळीची रेक्टर म्हणून त्यांना नोकरी मिळाली होती. नवी टर्म सुरू होताना रुजू व्हायचं होतं. नवऱ्याने नाही म्हटलं नव्हतं. तो फक्त म्हणाला होता, मी सोडीन आणि मीच आणीन. कर्वेनगरहून वाघोली म्हणजे पुणं या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधल्या वेळात घरी येऊन परत जाण्यात अर्थ नाही, म्हणून तो तिथेच थांबणार होता.

‘आत्ताही तसंच आहे,’ बाई म्हणाल्या. ‘भाजीला गेली तरी हे बाहेर. दाताच्या डॉक्टरकडे गेली तरी हे बाहेर. भिशीला बसली की अर्ध्या तासात खालून हॉर्न. आता तिथं दिवसभर गेटवर गाडी लावून बसतील नं, मॅडम. पोरी विचारतील, हे काका कोण? काय सांगू? माझे वॉचमन आहेत म्हणून?’

‘बसने जा.’

‘तेही म्हटलं. तर म्हणे, दारात गाडी असताना? लोक काय म्हणतील?’

शेवटी घरात असं ठरलं होतं की लायसन्स मिळालं तर बाईंनी एकटीने जावं, नाही मिळालं तर ते आहेतच. हे ते फार गोड बोलून म्हणाले होते म्हणे. स्वतःच्या गाडीला मात्र त्यांनी बाईंना हात लावू दिला नव्हता, ओरखडे पडतात म्हणून. लर्निंग लायसन्सची मुदत संपत आली होती.

गृहस्थ औषधं घेऊन आले. ‘काय गप्पा चालल्यात?’

‘पार्किंग शिकवत होते,’ मी म्हटलं.

पहिली टेस्ट नव्या गाडीवर झाली, आणि बाई चढावर नापास झाल्या. चढावर गाडी थांबवायची, मग मागे न घसरता पुढे काढायची, एवढंच असतं ते. मी नव्या गाडीवर त्यांना रेस द्यायला सांगितलं होतं, पण लेसन थोडे मिळाले आणि पाय जुन्या सवयीवर गेला. त्यांनी नुसता क्लच सोडला. गाडी थरथरून बंद पडली आणि मागे आली. मी कठड्याबाहेर उभी होते. माझ्या पायाखाली डांबर होतं, पेडल नव्हते.

परतताना गृहस्थांनी आम्हा दोघींना उसाचा रस पाजला. त्यांचा मूड फारच चांगला होता.

‘जुनी हजार सीसी, नवी हजार सीसी,’ ते म्हणाले. ‘उलट नवीची हॉर्सपॉवर जास्त. म्हणजे गाडीत काही खोट नाही. मॅडम, माझी सगळी नोकरी खरेदीत गेली. सारख्या मापाच्या दोन वस्तू वेगळ्या चालल्या तर खोट वापरणाऱ्याच्या हातात असते.’

बाई ग्लासात बघत होत्या. मी म्हटलं, ‘आणखी एक टेस्ट देता येईल. त्यानंतर मुदत संपते.’

‘द्या ना. मी कुठे नाही म्हणतो?’

त्या दिवसापासून मी एकच गोष्ट करायची ठरवली, चढ. आणि टेकडीकडच्या रिकाम्या रस्त्यावर नाही, खऱ्या रहदारीत. एका सकाळी आम्ही उड्डाणपूल चढत होतो आणि अर्ध्यात पुढच्या सगळ्या गाड्या थांबल्या. वर काहीतरी बंद पडलं असावं. डावीकडे पुलाचा कठडा, हातभर अंतरावर. उजवीकडे पाण्याचा टँकर, त्याहून जवळ. पुढे एक मोठी गाडी. आणि मागे बस, इतकी चिकटून की आरशात तिची नुसती जाळीच दिसत होती.

‘हँडब्रेक लावा,’ मी म्हटलं. ‘आता वेळ आहे. तुम्हाला गाडी का बंद पडते ते सांगते.’

‘मी सांगतो,’ मागून आवाज आला.

‘तुम्ही ऐका,’ मी म्हटलं आणि बाईंकडे वळले. ‘घरातला एक उभा डबा घ्या आणि एक पसरट पातेलं. दोन्हीत लिटरभरच पाणी मावतं असं धरा. ते सिलिंडर. आत दट्ट्या वरखाली होतो, तो पिस्टन. तो जेवढा सरकतो तो स्ट्रोक. डब्यात त्याला लांब जावं लागतं, पातेल्यात थोडंसंच. जुनी गाडी डबा होती. ही पातेलं आहे.’

‘म्हणजे लांब स्ट्रोकला ताकद जास्त,’ मागून आलंच. ‘पाना लांब असला की नट लवकर सुटतो. साधी गोष्ट आहे.’

‘सगळे असंच म्हणतात. पाना लांब झाला खरा, पण तो दाबणारा हात बारीक झाला. डब्याचं तोंड अरुंद, म्हणजे जाळाचा दाब पडायला पिस्टनवर जागा कमी. लांबीत मिळालं ते रुंदीत गेलं. दोन्ही इंजिनं एका वेळी सारखीच हवा आणि सारखंच पेट्रोल जाळतात, म्हणून दोघांचा एकेक धक्का साधारण सारखाच.’

‘मग पॉवर जास्त कशी लिहिली?’ त्यांनी विचारलं. खरेदीतला माणूस होता, प्रश्न बरोबर विचारला.

‘मिनिटाला किती धक्के देता त्यावर पॉवर. लांब स्ट्रोकच्या पिस्टनला दर फेरीला जास्त अंतर तोडावं लागतं. फेऱ्या फार वाढवल्या तर तो इतका पळतो की इंजिन टिकत नाही. आखूड स्ट्रोकचा पिस्टन थोडंच सरकतो, म्हणून त्याला पुष्कळ फेऱ्या मारता येतात. शिवाय तोंड रुंद असल्यामुळे हवा आत घेणाऱ्या मोठ्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, बसतात आणि जोरात फिरताना हवा भरपूर मिळते. कागदावरची जास्तीची पॉवर ती तिथली, वरच्या फेऱ्यांची. पण इंजिन हळू फिरत असताना त्याच मोठ्या वाटेने हवा रेंगाळत आत येते, पेट्रोलमध्ये नीट मिसळत नाही, आणि धक्का मिळमिळीत बसतो. जुन्या गाडीचं उलटं होतं. जोरात पळवली की तिला धाप लागायची, पण सावकाश चालताना खंबीर.’

एकटा स्ट्रोकच सगळं ठरवतो असं नाही. व्हॉल्व्ह कधी उघडतात, फ्लायव्हील किती जड आहे, यानेही पिकअप बदलतो. पण पुलावर अडकलेल्या माणसाला सगळं सांगून चालत नाही.

बाईंनी थोडा विचार केला. ‘म्हणजे या गाडीत ताकद आहे, पण ती माळ्यावर ठेवली आहे.’

‘बरोबर. आणि तुम्ही खाली उभं राहून हात पुढे करताय.’

‘पण तुम्हीच तर म्हणत होत्या नं, रेसला पाय लावू नका.’

‘म्हणत होते. त्या गाडीत. या गाडीत आधी रेस, इंजिनाचा आवाज चढेपर्यंत. मग क्लच. पुढचा भाग उचलल्यासारखा वाटला की हँडब्रेक सोडा.’

पुढची गाडी हलली. बाईंनी क्लच सोडला. रेस दिली होती, पण नावाला, चहात साखर कमी घालावी तशी. गाडी थरथरली आणि बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. पुढे रिकामी जागा वाढत गेली आणि मागे हॉर्न सुरू झाले.

सवयीने माझा पाय माझ्या क्लचवर गेला. ‘तुम्ही नुसतं धरा, मी घेते,’ मी म्हटलं. क्लच सावकाश वर घेतला. जुनी गाडी इथे मुकाट्याने निघाली असती. ही धडधडली आणि बंद. पुन्हा घेतला, पुन्हा बंद. तेव्हा मला पहिल्यांदा नीट उमगलं की या गाडीत मला चढावर काहीच करता येत नाही. रेस बाईंच्या पायाखाली होती आणि फक्त त्यांच्याच. जागा बदलावी म्हटलं तर दारं उघडत नव्हती. मी माझं दार उघडून पाहिलं, ते कठड्याला लागलं. त्यांचं दार टँकरला लागलं असतं. गाडीत तीन माणसं, त्यांतल्या दोघांना गाडी येत होती, आणि ती दोघंही निरुपयोगी होती.

‘रेस! रेस! ब्रेक! म्हणजे क्लच दाब!’ गृहस्थ मागून ओरडत होते.

टँकरच्या पुढून वळून एक मोटारसायकलवाला आमच्या पुढच्या रिकाम्या जागेत घुसला. मान मागे वळवून म्हणाला, ‘काकू, शिकायला सगळं पुणं सोडून पूलच सापडला का?’

‘बोर्ड वाचता येत असेल तर वाचा आणि पुढे व्हा,’ मी म्हटलं.

मागच्या बसचा कंडक्टर दारातून बाहेर लोंबकळला. ‘अहो, आज जायचंय का उद्या? तसं सांगा, म्हणजे पॅसेंजरना जेवून घ्यायला सांगतो.’

बाईंच्या कानामागून घाम ओघळत होता. ‘मॅडम, सारे पाहून राहिले आपल्याकडे.’

‘बघू द्या. रेस द्या.’

‘किती आवाज होतो हो तिचा.’

‘होऊ द्या. हे इंजिन आवाज केल्याशिवाय काम करत नाही. ते त्याच्या मापातच आहे, तुमची चूक नाही.’

‘अगं, फार रेस देऊ नको! इंजिन खराब होईल!’ मागून आवाज आला. ‘तू थांब, मी पुढे येतो सीटवरून. मॅडम, तुम्ही पाय जरा बाजूला—’

ते खरोखरच दोन्ही सीटच्या मधून पाय टाकायला लागले. त्यांचा गुडघा गिअरला लागला.

बाई मागे वळल्या नाहीत. आरशातही पाहिलं नाही. ‘अहो, तुम्ही चूप बसा नं. हलू नका. गिअर सोडा.’

गृहस्थ तसेच राहिले, अर्धे पुढे अर्धे मागे. मग गुडघा मागे गेला.

बाईंनी गाडी चालू केली आणि रेस दिली. आधी कमी, मग जास्त, मग इतकी की कंडक्टरने डोकं आत घेतलं. इंजिन किंचाळत होतं. क्लच वर आला, पुढचा भाग उचलला, हँडब्रेक खाली गेला. गाडी एक इंचही मागे न येता निघाली. जरा जोरातच निघाली, आणि मला ब्रेक लावावा लागला. तेवढं काम माझ्या पेडलांनी केलं.



दुसऱ्या टेस्टला मी पुन्हा कठड्याबाहेर होते आणि गृहस्थ माझ्या शेजारी. या वेळी आम्ही उभे होतो तिथून चढ दिसत नव्हता, मध्ये झाडं होती. फक्त ऐकू येत होतं. आमच्या गाडीच्या इंजिनाचा आवाज चढला, चढतच गेला. आजूबाजूच्या दोघातिघांनी माना वळवल्या. गृहस्थ म्हणाले, ‘फार देतेय.’ मी म्हटलं, ‘पुरेशी देतेय.’ मग आवाज एकसारखा झाला आणि गाडी वळणावर दिसली.

बाई पास झाल्या. गृहस्थांनी त्यांचं अभिनंदन केलं आणि लगेच म्हणाले, ‘आता पहिला महिनाभर मी शेजारी बसेन. आपल्याच गाडीने जाऊ. चालव तूच. वाघोलीचा रस्ता काही टेस्टचा ट्रॅक नाही.’

‘आणि मी आत गेल्यावर?’ बाईंनी विचारलं.

‘मी थांबेन की. मला काय काम आहे?’

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. लायसन्स झालं की माझं काम संपतं, कोण कोणाच्या शेजारी बसेल हे मी ठरवत नाही. एवढा चढ चढून बाई जिथे होत्या तिथेच आल्या होत्या, फक्त सीट बदलली होती. मी त्यांच्या कागदांची फाइल त्यांच्या हातात दिली आणि दुसऱ्या लेसनला निघाले.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी, टर्म सुरू व्हायच्या दिवशी, सकाळी मी एका नव्या मुलीला घेऊन रस्त्यावर होते. फोन वाजत राहिला म्हणून गाडी कडेला घ्यायला लावली. गृहस्थ होते.

‘मॅडम, ही तुमच्याकडे आली आहे का?’

‘नाही.’

‘खाली गाडी नाहीये.’

‘मग गाडीत असतील.’

‘मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर येऊन बघतो तर पोहे झाकून ठेवलेले आणि ही नाही. फोनही उचलत नाही.’

‘चालवताना उचलू नये, असं मीच शिकवलंय.’

‘तुम्ही असं करा, तुमची गाडी घेऊन माझ्याकडे या. आपण दोघं मागोमाग जाऊ. नगर रोडला केवढी कोंडी असते तुम्हाला माहीत आहे. अडकली तर?’

‘अडकतील. सगळेच अडकतात.’

‘चढावर बंद पडली तर?’

‘चालू करतील.’

त्यांच्या घरात टीव्ही चालू होता, तो ऐकू येत होता. मग ते म्हणाले, ‘मग आता मी काय करू दिवसभर?’

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होते. पण शेजारच्या मुलीचे पैसे वेळेचे होते. ‘पोहे खा, गार होतील,’ मी म्हटलं आणि फोन ठेवला.

दुपारी बाईंचा मेसेज आला. ‘पोचले. गाडी लावायला जागा मिळाली. नगर रोडला फार वेळ अडकून होते, पुढंही जाता येईना न् मागंही. एकटीच होते. बरं वाटलं.’